पेंडेचे डोहाळे

तू पोटात होतीस तेव्हा मला भाताचा वास सोसत नव्हता. कुकरची शिट्टी झाली की मी उशीत तोंड खुपसायचे. फोडणी, उदबत्ती, तुझ्या बाबाचा साबण, लिफ्टमध्ये शेजाऱ्याच्या पिशवीतलं तळलेलं चिकन, सगळं थेट घशाशी यायचं. सगळ्या म्हणायच्या, तीन महिने काढ, मग बघ कशी भूक लागते. तीन महिने गेले, चौथाही संपत आला. मी मात्र रोज सकाळी पाण्याचा घोट घेऊन, तो आत राहतोय का बघत, बाथरूमच्या दाराशी बसलेली.

आमच्या डॉक्टर बोलायला फार मऊ होत्या. पण त्या दिवशी वजनाचा काटा बघून त्यांचाही चेहरा उतरला.

"बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण ते सगळं तुझ्यातूनच घेतंय, आणि तुझ्यात आता फारसं उरलेलं नाही. सोमवारी परत ये. वजन आणखी उतरलं असेल तर वॉर्डमध्ये ठेवून घ्यावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न देऊ."

सलाईन एकदा लावून झालं होतं. सुईचं मला काही वाटत नाही. पण नळीचं नाव निघालं आणि तिथेच खुर्चीत मला रडू फुटलं. तुला मला माझ्या तोंडाने भरवायचं होतं. एवढीशी गोष्ट, जी मांजरीलाही जमते.

चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर लादी बसायची. नायजेरियाची, उत्तरेकडच्या कानो शहरातली. उंच, आवाजाने खणखणीत, आणि कुणाचीही कीव न करणारी. क्लिनिकच्या दुसऱ्या दिवशी मी पॅन्ट्रीत कोरडं बिस्कीट हातात धरून नुसती उभी होते, तेव्हा तिने एक डबा पुढे केला. आत करंगळीएवढ्या, तपकिरी, खडबडीत कांड्या.

"कुली-कुली," ती म्हणाली. "आईने पाठवलंय. खा. नाहीच राहिलं पोटात, तर माझ्या डस्टबिनमध्ये ओक. तो तसाही बदलायचाय."

मी टोकाला दात लावला. शेंगदाणा, पण त्यात तेलाचा लवलेशही नाही. मागून सुंठ आणि मिरची. दाण्याची चटणी वाळून वाळून दगड झाली तर अशी लागेल. मी सगळी कांडी खाल्ली आणि डस्टबिन पायाशी ओढून बसले.

काही झालं नाही. मीटिंग झाली, काही झालं नाही. घरी आंग मो किओपर्यंत एमआरटीच्या मेट्रोत दांडा धरून उभी राहिले, तरीही नाही. तू तेव्हा संत्र्याएवढी असशील. मी पोटावर हात ठेवून म्हटलं, पोचलं का गं तुला?

तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पुण्याहून खास माझ्यासाठी आल्या होत्या आणि माझ्यावर मनातून जरा नाराज होत्या. "चिंच नको, आवळा नको, कैरी नको. डोहाळेच नाहीत. कसलं मेलं गरोदरपण," असं त्या फोनवर बहिणीला सांगायच्या. घरी आल्या आल्या मी त्यांना सांगितलं, लादीने सांगितलेल्या कृतीसकट. शेंगदाणे वाटायचे, पिळून तेल काढायचं, राहिलेल्या गोळ्याच्या कांड्या करायच्या आणि त्याच तेलात तळायच्या.

"म्हणजे पेंड," आई म्हणाल्या.

"कुली-कुली म्हणतात, आई."

"म्हणेनात का. तेल काढून उरते ती पेंड. आमच्या बार्शीला म्हशीच्या आंबोणात घालायचे."

"दुपारी खाल्ली. अजून उलटी झालेली नाही."

त्यांची सुरी भेंडीवरच थांबली. "दुपारपासून?"

"दुपारपासून."

"आणि आणखी खावीशी वाटतेय?"

तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या. मी मान हलवली. आईंनी सुरी खाली ठेवली, पदराला नाही तर गाऊनलाच हात पुसले आणि जाहीर केलं, "मग हे डोहाळे आहेत. पेंडेचे असले म्हणून काय झालं."

तेवढ्यात तुझा बाबा आला. यशोधनला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तो म्हणाला, मागवू की ऑनलाइन.

"पुढच्या महिन्यात मिळेल, असं दिसतंय," फोनवर बघून तोच म्हणाला. "नाही मिळालं तर काय होईल?"

"बाळाचा कान फुटेल."

"आई, काहीतरीच तुझं."

"तुझ्या वेळी मला कवठ हवं होतं. तुझे वडील म्हणाले, आता कुठे मिळणार कवठ. दुसरीत जाईपर्यंत कान वाहत होता तुझा."

यशोधनचा हात आपोआप कानाकडे गेला. मग तो लिटिल इंडियात जाऊन आला. कच्चे शेंगदाणे आणले, आणि असू देत म्हणून खारे दाणे, पीनट बटर आणि चिक्कीही. चिक्कीचा पुडा फुटल्याबरोबर गुळाचा वास आला आणि मी बाथरूम गाठलं.

लादीच्या डब्यात शेवटच्या मोजक्याच कांड्या होत्या. त्या तिने मला देऊन टाकल्या. तिला स्वतःला करता येत नव्हत्या. "घरी कोण करतं?" ती म्हणाली. "शाळेच्या फाटकाबाहेर मिळायच्या." त्या कांड्यांवर मी शुक्रवारपर्यंत पोचले. आता सोमवारपर्यंत आई होत्या आणि त्यांची कढई होती.

तुझ्या आजीबद्दल एक सांगायला हवं. पुण्यात त्यांच्या सोसायटीत दिवाळीच्या आधी बायका भाजणीचा नमुना मुठीत घेऊन त्यांच्याकडे येतात. त्या चिमूटभर तोंडात टाकतात आणि सांगतात, उडीद जास्त झालाय. तळणीतलं आपल्याला कुणी काही शिकवावं, असं त्यांच्या मनातही येत नाही.

त्यांनी दाणे मंद आचेवर भाजले, चोळून फोलपटं काढली. सूप नव्हतं, म्हणून परात घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि पाखडलं. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींचे कपडे बांबूला वाळत होते. तिथून "आय्योऽ" ऐकू आलं. आईंनी वरून नमस्कार केला आणि खिडकी लावून घेतली. मग मिक्सर. थोडा फिरव, थांब, चमच्याने हलव, पुन्हा थोडा फिरव. कसं मोकळं, रवाळ कूट झालं. त्यात सुंठ, तिखट, मीठ. आणि मग कुठलीही मराठी बाई कुरकुरीत व्हायला जे करते तेच त्यांनी केलं. पळीभर तेल कडकडीत तापवून वर ओतलं. मोहन.

मी बेडरूममध्ये होते, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून. बाहेर चर्र आवाज झाला. मग शांतता. मग आईंचा आवाज, "अगं बाई, हसल्या की सगळ्या!"

तुपात सोडलेला अनारसा फुटून पसरला की तो हसला म्हणतात. तो हसला की करणारीला रडू येतं. कढईत कांड्यांचा नुसता गाळ उरला होता.

"तेल काढायला सांगितलं होतं ना तिने?" यशोधन म्हणाला.

"काढते की. मला काय चक्का बांधता येत नाही?" आईंनी नवं कूट मऊ पंच्यात बांधलं आणि श्रीखंडाच्या दह्यासारखं किचनच्या नळाला टांगलं. खाली वाडगं. शनिवारी सकाळी वाडगं कोरडं ठणठणीत. आणि माझं पोटही. रात्रीचं पाणीसुद्धा पहाटे बाहेर आलं होतं.

दुपारी लादी आली. ती दारातून आत आली, टांगलेलं गाठोडं बघितलं आणि आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. कानोत तेव्हा सकाळ होती. पडद्यावर हिरवा रुमाल बांधलेला रुंद चेहरा आला, मागे अंगण, कोंबड्या. आईंनी घाईने गाऊनवर ओढणी घेतली. लादीची आई हौसा भाषेत बोलायची, लादी मला इंग्रजीत सांगायची, मी बेडरूमच्या दारातून मराठीत. नाकाला रुमाल लावून.

आईंनी सगळी कृती करून दाखवली. मोहनाची पळी वर धरली तेव्हा तिकडून एक मोठ्ठा प्रश्न आला.

"ती विचारतेय, हे तेल कशाला?"

"कशाला म्हणजे? खुसखुशीत व्हायला!"

हे तिकडे पोचलं आणि लादीची आई हसायला लागली. खांदे, रुमाल, मागच्या कोंबड्या, सगळंच हलत होतं. लादी ओठ चावत होती.

"सांग," आई म्हणाल्या. "काय म्हणतेय ती?"

"ती म्हणते, ज्याच्यातून तेल काढायचं त्यालाच तुम्ही तेल पाजताय. मग कढईत गेल्यावर ते माहेरी आल्यासारखं हातपाय पसरणारच."

माहेर हा माझा शब्द. पण अर्थ तोच होता.

"आणि ती म्हणतेय, मिक्सर थांबवायचा नाही. तेल सुटेपर्यंत फिरवायचा."

"तेल सुटलं की कूट वाया जातं!" आईंचा आवाज चढला. "तेल सुटू नये म्हणून जन्मभर मिक्सर थांबवत थांबवत वाटत आले मी!"

तिकडून उत्तर आलं. लादीने ते अगदी हळू सांगितलं. "ती म्हणतेय, आज थांबवू नका."

आईंनी मिक्सरचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. "मला शिकवतेय," त्या खिडकीला म्हणाल्या. "कुठली कोण. चकली तरी बघितलीय का हिने."

   तेवढ्यात मी बाथरूमकडे धावले. पोटात काही नव्हतंच, तरी बराच वेळ नुसते उमासे येत राहिले. तोंड धुऊन बाहेर आले तर भिंत धरून चालावं लागलं. आई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मनगटाकडे. बांगडी कोपरापर्यंत सरकली होती.

त्यांनी ओढणी काढली, कमरेला घट्ट खोचली.

"ए लादी," त्या म्हणाल्या, "विचार तुझ्या आईला. किती वेळ फिरवू?"

मिक्सर फिरला. थांबला नाही. आईंचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. कुटाचं भांड्याला चिकटणारं पीठ झालं, पिठाचं चकचकीत लोणी, लोण्याची ओघळणारी चटणी. ती परातीत काढली. कोमट पाण्याचा शिंतोडा द्यायचा आणि मळायचं, असं तिकडून सांगणं आलं. पाणी पडताच वाटण घट्ट झालं. आई मळत राहिल्या. तळव्याने रेटायचं, दुमडायचं, मुठीत आवळायचं. यशोधनने थोडा वेळ हात लावला आणि मनगट झटकत उठला.

"तुमचे हात की-बोर्डाचे," आई म्हणाल्या. लादीने अंगठ्या काढून ठेवल्या आणि ती भिडली. मग पुन्हा आई. कपाळावरचा घाम त्या दंडाने पुसत होत्या. पडद्यावरची बाई आपल्या रिकाम्या मुठी आवळून दाखवत होती. अशी, अशी, आणखी.

आणि परातीच्या काठाशी काहीतरी चमकलं.

"थांब, थांब," आई म्हणाल्या. "हे तर ताकासारखंच आहे. पाण्याचा हबका मारला की लोणी वेगळं होतं ना, तसं." त्यांनी आणखी एक शिंतोडा मारला आणि दोन्ही हातांनी गोळा असा पिळला की बोटांच्या फटींतून सोनेरी तेल ओघळलं. परात कलती केली तर धारच लागली. पुन्हा शिंतोडा, पुन्हा पीळ. वाटी भरली.

"आत्ता कळलं घोडं कुठे पेंड खात होतं," यशोधन म्हणाला.

"घोडं नाही, तुझी बायको. हो बाजूला, उजेड अडवू नकोस."

गोळा आता कोरडा झाला होता, कणकेपेक्षा घट्ट. आईंनी सुंठ-तिखट-मीठ मळलं, ओट्यावर सुरळ्या वळल्या, आणि सवयीने बोटाभोवती फिरवून टोकं जुळवली. कडबोळी. मग दचकून त्यांनी फोनकडे बघितलं, आता पुन्हा काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून. पण तिकडून आनंदाचा चीत्कार आला. लादीची आई आपल्या हातातली बांगडी बोटाने गोल गोल दाखवत होती. त्यांच्याकडेही गोल करतात. हे सांगायला मधे आम्ही दोघी लागलो नाही.

वाटीतलं तेल कढईत गेलं. पहिलं कडबोळं सोडताना आईंनी डोळे मिटले. मी आत जाऊन दार लावून घेतलं होतं. चर्र झालं. मी वाट बघत होते आईंच्या ओरडण्याची. चर्र चालूच राहिलं, तेच, एका लयीत. आणि फटीतून वास आला. मी ओल्या टॉवेलवर अनवाणी उभी होते. मला मळमळत नव्हतं. मी दार उघडलं.

कढईत कडबोळी तरंगत होती. अख्खी, कडक, विटकरी. एकही हसलं नव्हतं.

"गार होऊ दे," आई म्हणाल्या, पण मी या हातातून त्या हातात झेलत पहिलंच तोंडात टाकलं. लादीच्या डब्यातल्यापेक्षा थोडं जास्त तिखट, थोडं जास्त खरपूस. जीभ भाजली. मी दुसरं उचललं.

मग सगळे बसले. आई, यशोधन, लादी, आणि मिठाच्या बरणीला टेकवलेला कानोचा फोन. सगळे माझ्याकडे बघत होते, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तसे.

"असे बघू नका ना माझ्याकडे!"

"आम्ही नाही बघत," असं म्हणून आई बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक रामरक्षा. तिकडे लादीच्या आईने मधेच कुणालातरी झापलं, कोंबडी हाकलली, पुन्हा येऊन बसली. ऊन सोफ्यावरून खाली फरशीवर आलं. मला ढेकर आला तेव्हा यशोधन बादली आणायला उठलासुद्धा.

"बादली नको," मी म्हटलं. "आणखी एक द्या."

लादीने हे तिकडे सांगितलं आणि फोनमधून एक लांबलचक, थरथरती, उंच किलकारी आली. खालच्या आजींनाही ऐकू गेली असणार. आई छातीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "काय झालं हो तिला?"

"आनंद झाला की आमच्याकडे बायका असं करतात," लादी म्हणाली आणि स्वतःही केलं. आईंनीही जीभ टाळ्याला लावून बघितलं. ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी जमलं.

रविवारी त्यांनी आपल्या डोक्याने पुढचं पाऊल टाकलं. लादी म्हणाली होती की त्यांच्याकडे कुली-कुली चुरून भिजवलेल्या कसल्याशा रव्यावर घालतात. आईंनी फ्रीजमधला गार भात घेतला, कारण गार भाताला वास येत नाही, दह्यात कालवला आणि वर दोन कडबोळी खलबत्त्यात जाडसर कुटून पेरली. वाटीभर. मी सगळा खाल्ला. संध्याकाळी पुन्हा मागितला. कित्येक दिवसांनी माझ्या पोटात अन्न म्हणावं असं काही होतं आणि ते तिथेच, शहाण्यासारखं बसलं होतं.

सोमवारी वजन करताना मी डोळे मिटून घेतले. नर्सचं बोट खांद्यावर टकटकलं. "वेट अप ऑलरेडी, लाह! व्हाय यू क्राय?"

फार नाही, थोडंसंच वर. पण वर. डॉक्टरांनी तो आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, काय खाल्लंस? मी तोंड उघडायच्या आत आई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"पीनट," त्या म्हणाल्या. "फर्स्ट ऑइल रिमूव्ह. फुल्ल रिमूव्ह. देन सेम ऑइल, फ्राय."

"काढलेल्याच तेलात तळायचं, तर मग काढायचं कशाला?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

आईंनी त्यांच्याकडे मोठ्या मायेने बघितलं, नवख्या सुनेकडे बघावं तसं. "यू विल अंडरस्टँड," त्या म्हणाल्या. "स्लोली."

वॉर्ड नाही, नळी नाही. महिन्याने या. पोटावर गार जेल लावून त्यांनी तुझे ठोके ऐकवले. भरधाव, टपटप टपटप, कुठेतरी पोचायची घाई झाल्यासारखे. आईंनी माझा हात धरला तो लिफ्टपर्यंत सोडला नाही.

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी रांग होती. मी बाकावर बसले आणि पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. आधी मला कळेना, हे काय. मळमळ नव्हती, कळ नव्हती. इतक्या महिन्यांत विसरूनच गेले होते मी.

"आई," मी म्हटलं, "मला भूक लागलीय."

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी आजूबाजूला बघितलं. सगळा कॉरिडॉर गप्प, कुणी फोनमध्ये, कुणी डुलक्या काढत.

"इथे? केवढा आवाज होतो याचा."

"वाजू दे," तुझी आजी म्हणाली. "खा."